पोर्ट २५५६५ : दवनीवाड्यातला एक दिवस

सकाळी ७

दिवाळीनंतरची मंडई आटोपली की गोंदिया-नागपूरला शिकणारी पोरं दवनीवाड्यातून परत जातात. सुट्टीभर एकत्र खेळलेल्या मित्रांना पुढेही एकत्र खेळायचं असतं. गावातल्या फायबर जोडण्यांची कामं मी बघतो, त्यामुळे अशा वेळी फोन मला येतो. आज बारावीतल्या एका मुलाचा आला. "भाऊ, घरच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर टाकला. घरात मस्त चालते, पण बाहेरून कोणालाच लागून नाही रायला. पोर्ट फॉरवर्डिंग केलं ना मी!"

मी त्याला एवढंच सांगितलं, की मी येईपर्यंत राउटरमध्ये आणखी काही बदलू नको. चारपाच गोष्टी एकदम बदलल्या की नेमका दोष कुठे होता ते कळत नाही.

सकाळी ८

आधी रोजचं काम. तणीस भरलेल्या ट्रॉलीने रस्त्यावरची केबल ओढली होती आणि तिकडच्या घरांत लाल दिवा लागला होता. स्प्लायसिंग करून मीटर लावला, उणे २१ डीबीएम आले. घरगुती फायबरला साधारण उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे सांधा चांगला बसला.

सकाळी १०

मुलाच्या घरी पोचलो. तपासणी नेहमी आतून बाहेर करावी, म्हणून सुरुवात सर्व्हरपासूनच केली. त्याच कॉम्प्युटरवरून गेम जोडला, जोडला गेला. मग घरच्या वायफायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडला, तोही गेला. सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट २५५६५ होता आणि आयपीची ओळ रिकामी होती. ती रिकामीच ठेवायची असते.

मुलाचे बाबा शेजारी येऊन बसले. "हे पोर्ट म्हणजे काय असते, भाऊ?" त्यांना सांगितलं : तुमचं घर म्हणजे एकच दरवाजा असलेला मोठा वाडा समजा. मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर या आतल्या खोल्या, आणि दरवाजावर राउटर उभा. आतून कोणी बाहेर गेलं तर त्याचं उत्तर राउटर बरोबर त्याच खोलीत पोचवतो. पण बाहेरून अनोळखी माणूस आला तर त्याला कुठल्या खोलीत न्यायचं हे राउटरला ठाऊक नसतं, म्हणून तो त्याला परत पाठवतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला दिलेला हुकूम, की २५५६५ विचारत येणाऱ्याला या खोलीत सोड.

सकाळी ११

पहिला दोष इथे सापडला. नियमात कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.५ लिहिला होता, आणि कॉम्प्युटर मात्र १९२.१६८.१.८ वर होता. रात्री वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने पत्ते नव्याने वाटले. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर कॉम्प्युटरच्या मॅक पत्त्यापुढे एक आयपी कायमचा राखून ठेवला. वीज जाते त्या गावात ही पायरी सोडून चालत नाही.

दुसरा दोष प्रोटोकॉलचा. नियमात यूडीपी निवडलेलं होतं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला टीसीपी २५५६५ लागतो. मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीला यूडीपी १९१३२ लागतो. मुलाने व्हिडिओ बेडरॉकचा पाहिला होता आणि सर्व्हर जावाचा टाकला होता.

तिसरी अडचण विंडोजची. घरचं वायफाय विंडोजने सार्वजनिक मानलं होतं आणि जावाला परवानगी फक्त खाजगी नेटवर्कवर होती. आधीचा लॅपटॉप जोडला गेला, तो केवळ मुलाने तेवढ्यापुरती फायरवॉल बंद ठेवली होती म्हणून. फायरवॉल पुन्हा सुरू केली, जावाला नीट परवानगी दिली आणि पुन्हा जोडून पाहिलं.

दुपारी १२

गोंदियातल्या मित्राला जोडायला सांगितलं. तरीही लागेना. मुलाचा चेहरा उतरला. अशा वेळी बहुतेक जण राउटर रीसेट करतात आणि सगळी मांडणी हातची घालवतात. मी राउटरचं स्टेटसचं पान उघडलं. बाहेरच्या बाजूचा, म्हणजे वॅनचा पत्ता १०० ने सुरू होत होता आणि पुढचा आकडा ७२ होता. मुलाला म्हटलं, "तुझा नियम आता बरोबर आहे. हा पत्ताच तुझा नाही."

दुपारी २

जेवून पुन्हा बसलो. हा भाग मुलाला नीट समजावा असं मला मनापासून वाटत होतं. आयपीची जुनी चौथी आवृत्ती सुमारे ४२९ कोटी पत्ते देते. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटले गेले. भारत ज्या आशिया-प्रशांत विभागात येतो, तिथे १५ एप्रिल २०११ पासून उरलेले पत्ते मोजूनमापून देणं सुरू झालं. मग कंपन्यांनी एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवली. याला सीजी-नॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा राखून ठेवण्यात आला.

म्हणजे या घराच्या राउटरपुढे कंपनीचा आणखी एक राउटर आहे. बाहेरून येणारा माणूस तिथेच अडतो, आणि तिथे आपला हुकूम चालत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. राउटरमधला वॅनचा पत्ता आणि ब्राउझरमध्ये दिसणारा आपला बाहेरचा पत्ता जुळवून पाहायचा. दोन्ही वेगळे असले तर घरातली कितीही मेहनत वाया जाते.

दुपारी ३

मार्ग तीन होते. पहिला, कंपनीकडून सार्वजनिक आयपी घ्यायचा. दुसरा, आयपीची सहावी आवृत्ती वापरायची. तिच्यात पत्त्यांचा तुटवडा नाही आणि फॉरवर्डिंगही लागत नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट दिली की झालं. पण मित्रांकडेही ती हवी, आणि एकाच्या वसतिगृहात ती नव्हती. तिसरा, भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढायचा. बाबांनी महिन्याचा खर्च विचारला, मुलाने तो खाऊच्या पैशातून द्यायचं कबूल केलं, आणि आम्ही पहिला मार्ग धरला. मी कंपनीला फोन लावून अर्ज नोंदवला.

संध्याकाळी ५

नवा पत्ता मिळाला. राउटर बंद करून सुरू केला आणि दोन्ही पत्ते जुळले. आता चाचणी. ती घरच्या वायफायवरून करू नये, कारण आपल्याच बाहेरच्या पत्त्यावर आतून जाणं पुष्कळ राउटरना जमत नाही आणि उगाच गैरसमज होतो. सर्व्हर चालू ठेवूनच तपासायचं, नाहीतर उघडा पोर्टही बंद दिसतो. गोंदियाचा मित्र आत आला, पाठोपाठ नागपूरचा.

संध्याकाळी ६

मुलगा खेळायला उतावीळ होता, तरी त्याला तासभर थांबवलं. दार उघडलं की राखणही आपलीच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या घटकातली भेग उघड झाली, तेव्हा माइनक्राफ्टचे सर्व्हर चॅटमधल्या एका ओळीने ताब्यात घेता येत होते. आवृत्ती १.१८.१ मध्ये ती भेग बुजवली. २०१६ चं मिराई हे जाळं तर कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि राउटर पकडून उभं राहिलं. ते रचणाऱ्या अमेरिकन तरुणांच्या निशाण्यावर माइनक्राफ्टचे सर्व्हरही होते. २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला.

म्हणून सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेला. व्हाइटलिस्ट लावून फक्त मित्रांची नावं घातली. राउटरचा पासवर्ड बदलला, प्रोग्रामना परस्पर पोर्ट उघडू देणारं यूपीएनपी बंद केलं. डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरचं सगळंच जिथे सोडलं जातं त्या जागी, कॉम्प्युटर टाकायचा नाही आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ कधी उघडायचा नाही, हे त्याच्या वहीत लिहून दिलं.

रात्री ८

घरी येऊन दिवसाची नोंद केली. आज त्या मुलाने पत्ता, पोर्ट, प्रोटोकॉल आणि फायरवॉल स्वतःच्या हाताने लावले. नेटवर्कचा अभ्यासक्रम हाच आहे, आणि तो दवनीवाड्यातल्या घरात बसून शिकता येतो. म्हणून जोडणी देतानाच सार्वजनिक पत्ता मिळणार की नाही, हे प्रत्येक कंपनीने ग्राहकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. आणि सर्व्हर उभारू पाहणाऱ्या मुलांनो, राउटरला हात लावण्याआधी वॅनचा पत्ता पाहा, मग आतून बाहेर एकेक पायरी तपासा, आणि सर्व्हर वापरात नसेल तेव्हा तो नियम बंद करा.