मे महिन्यातली फेरी : किनाऱ्यालगतच्या बागा आणि विहिरीचे पाणी

मे महिना अर्ध्यावर आला की मला येणाऱ्या फोनांत एकच वाक्य असते : "झाडे करपायला लागली, येताना खत घेऊन या." फोन करणारे बरेचसे आपल्या मंडळातलेच सभासद असतात. मी खत नेत नाही. कात्री, खुरपे, दोन रिकाम्या बाटल्या आणि पाण्यातला क्षार मोजायचे खिशात मावणारे यंत्र एवढेच नेतो. असे का, हे प्रत्येक अंगणात नव्याने सांगावे लागते, म्हणून एकदाच लिहून काढतो आहे.

बार्देशातल्या शिवोली, कांदोळी, नेरूल आणि साळगाव या टापूतल्या काही घरांच्या बागा माझ्याकडे आहेत. कुठे राजांगण असलेले जुने घर आणि मागे भाट, तर कुठे तुळशीवृंदावन आणि पाच-सहा जास्वंदी, एवढीच बाग. फेरी उजाडताच सुरू होते, कारण दहानंतर झाडाला हात लावण्यात अर्थ नसतो.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपली जांभ्याची तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही आणि कांदोळीची वाळू तर मुळीच नाही. त्यामुळे मेअखेरीस विहिरी तळाला जातात. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण किनाऱ्यालगत आणि खाडीकाठी आणखी एक गोष्ट घडते, ती डोळ्यांना दिसत नाही.

जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी जड. ढोबळ हिशेब असा की समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट उंच गोडे पाणी असेल, तर त्या पातळीखाली सुमारे ४० फूट गोड्या पाण्याचा थर असतो. हाच हिशेब उलटा करून पाहा. वरचे पाणी एक फूट उतरले, की खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर सरकू बघते. शिवाय जिथे पंप लागतो, तिथे ते आणखी वर ओढले जाते. म्हणून मे महिन्यात सलग दोन तास पंप चालवू नये. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आणि मध्ये विहिरीला दम घेऊ द्यावा.

यंत्रावर आकडा दिसतो तो एका लिटरमधल्या क्षारांचा, मिलिग्रॅममध्ये. ४५० च्या आत असेल तर कोणत्याही झाडाला चालते. २००० च्या वर गेले तर बहुतेक फुलझाडांना ते पाणी न घातलेलेच बरे. मधल्या टप्प्यात झाड कोणते, माती कोणती, पाणी कसे घालता, यावर सगळे ठरते. जिभेला खारट लागेपर्यंत थांबलात तर नाजूक झाडांसाठी उशीर झालेला असतो.

शिवोलीत शापोरा नदीपासून फार दूर नसलेल्या एका घरी यंदा हेच पाहिले. मोगऱ्याचा जुना वाफा आणि शेजारी अबोली. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. खालची माती मात्र ओलीच. काकी दिवसातून दोनदा पाणी घालत होत्या आणि पाने करपतात म्हणून आठवड्यापासून तीनदा. विहिरीच्या पाण्याचा आकडा फेब्रुवारीत ५०० च्या आसपास होता, तो आता १६०० वर गेला होता.

"काकी, मोगऱ्याला विहिरीचे पाणी बंद करा," मी म्हटले.

"मग काय उपाशी ठेवू त्याला? सासूबाईंच्या हातचा आहे तो."

त्यांचा राग मला समजतो. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः अशाच करपलेल्या अनंताला भरपूर रासायनिक खत घातले होते. रासायनिक खत म्हणजेही क्षारच. अनंत पंधरा दिवसांत गेला, आणि त्या घरच्यांनी दोष उन्हाला दिला. मीही तेव्हा काही बोललो नाही.

तेव्हा आधी करपणे ओळखायला शिकावे. तहानलेल्या झाडाचे सबंध पान मलूल होऊन लोंबते आणि पाणी मिळाले की काही तासांत उभे राहते. क्षाराने पान आधी टोकाला आणि कडेला जळते, जून पाने आधी, आणि माती ओली असूनही जळते. समुद्राच्या वाऱ्याचे मीठ लागले असेल तर झाडाची पश्चिमेकडची बाजूच करपलेली दिसते. तिथे पहाटे पानांवरून गोडे पाणी फिरवले की पुरते.

काकींच्या घरी आम्ही पाण्याची वाटणी केली. नळाचे पाणी मोगरा, अबोली, तुळस आणि कुंड्यांना. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी त्यात भर. विहिरीचे पाणी माडाला, कण्हेरीला आणि चाफ्याला, कारण ही झाडे क्षार बऱ्यापैकी सोसतात. तेही रोज शिंपडायचे नाही. रोजच्या थोड्या पाण्याने वरची माती ओली होते, पाणी उडून जाते आणि मीठ मुळाशी साठते. तीन दिवसांनी एकदा, पण खोलवर, आणि पानांवर न उडवता घालावे. बोगनवेलीला तर मी पाणी जवळजवळ तोडतोच. ती कोरडी राहिली की फुलते, लाड केले की नुसती पाने काढते.

आपले खाजनातले शेतकरी हे सगळे यंत्राशिवाय ओळखून होते. पहिल्या पावसाचे पाणी शेतात साठू द्यायचे, त्यात मीठ विरघळले की ओहोटीला मानस उघडून ते नदीत सोडायचे, आणि मगच पेरणीचे बघायचे. बागेतही मीठ खरे धुऊन काढतो तो पाऊसच. त्याला वाट मोकळी ठेवणे एवढेच आपल्या हातात. म्हणून मेच्या फेरीत मी प्रत्येक कुंडीखालचे भोक काडीने मोकळे करतो. बसलेले भोक म्हणजे बंद मानसच.

दुसरे काम पाचोळ्याचे. अंगण झाडून पाचोळा पेटवायची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि ती मला मुळीच पटत नाही. तोच पाचोळा झाडाच्या आळ्यात चार बोटे जाड पसरला तर पाणी निम्म्याने उडत नाही असे नव्हे, पण माती संध्याकाळपर्यंत गार राहते, हे हात घालून कुणालाही कळेल. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणे पालथी मांडावीत. उताणी ठेवली तर पावसात त्यांत पाणी साचून डास होतात.

माडाविषयी थोडे अधिक. पावसाआधी पाडेलीकडून शेंडा साफ करून घ्यायलाच हवा, कारण तिथे अडकलेल्या कचऱ्यात ओल धरली की कोंब कुजतो, आणि कोंब गेला की माड गेला. पण साफ करणे म्हणजे सुकलेल्या झावळ्या आणि पोयी काढणे. भाड्याने दिलेल्या काही घरांत माड 'नीटनेटका' दिसावा म्हणून हिरव्या झावळ्याही उतरवलेल्या मी पाहतो. माडाला वर्षाला सुमारे बाराच झावळ्या येतात आणि प्रत्येकीच्या बगलेत एक पोय. हिरवी झावळ तोडणे म्हणजे पुढचे नारळ तोडणे. गेंड्या भुंग्याच्या अळ्या जुन्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. तो खड्डा मेमध्ये एकदा खालीवर करावा, अळ्या कोंबड्या आणि कावळे वेचतात.

मानकुरादाखाली पडलेली फळे रोज उचलावीत. वळवाची एखादी सर आली की फळमाशी वाढते, आणि तिच्या अळ्या पडलेल्या आंब्यातून मातीत उतरून पुढच्या पिढीची सोय करतात. भिंडां पाऊस लागण्याआधी उतरवून सोलां वाळवायची, हे काही मी सांगायला नको. पुरुमेंताची यादी घराघरांत माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

मुंबई-पुण्याला राहणाऱ्या आणि घर बंद ठेवलेल्या सभासदांना एक विनंती. राखणदाराला "झाडांना पाणी घाल" एवढेच सांगू नका. कोणते पाणी, कोणत्या झाडाला, किती दिवसांनी, हे सांगा. आणि नवी रोपे आणायची घाई मेमध्ये करू नका. मृग लागून जमीन चांगली भिजली की लावा. शेणखतही तेव्हाच, आणि माडाच्या खताचा पहिला हप्ताही तेव्हाच.

शिवोलीच्या मोगऱ्याची मी छाटणी केलेली नाही. करपलेल्या फांद्या तशाच ठेवल्या आहेत, खालच्या मातीला तेवढीच सावली. गेल्या खेपेला बुंध्याशी खुरपे न लावता बोटांनी माती बाजूला केली, तेव्हा दोन फुटवे हिरवे दिसले. काकींना दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, नळाची बादली मात्र आता त्यांनी वाफ्याजवळच ठेवली आहे.