कर्करोग बरा झाल्यानंतर

दुर्धर रोगांतून मनुष्य सुटला म्हणजे त्या दिवसांची आठवणहि कोणी काढूं नये असें घरांतील सर्वांस वाटतें. हें स्वाभाविक आहे. परंतु कर्करोगाच्या बाबतींत ही विस्मृति परवडत नाहीं. ज्या उपचारानें पहिला रोग हटतो, त्याच उपचारामुळें कित्येक वर्षांनीं दुसरा, अगदीं निराळा कर्करोग उद्भवण्याचा संभव असतो. पहिला रोग उलटला असें यास म्हणतां येत नाहीं. तो नव्या जागीं जन्मलेला स्वतंत्र रोग होय.

याचें ठळक उदाहरण म्हणजे हॉजकिनचा रोग. लंडनचे टॉमस हॉजकिन यांनीं १८३२ सालीं रसग्रंथींच्या या विकाराचें वर्णन केलें. पुढें शंभराहून अधिक वर्षें त्यांतून बरे होणारे विरळाच होते. अमेरिकेंत हेन्री कॅप्लन यांनीं मान, काखा व छाती यांवर प्रखर क्ष-किरण सोडण्याची पद्धति रूढ केली. १९६४ पासून व्हिन्सेंट डिव्हिटा व त्यांचे सहकारी चार औषधें एकत्र देऊं लागले. पुष्कळ रोगी ऐन तारुण्यांतले होते. ते बरे झाले, त्यांचे संसार वाढले.

परंतु पांच-दहा वर्षांत त्यांतील कांहींना रक्ताचा कर्करोग झाल्याचें दिसलें. त्याहून अधिक काळ लोटल्यावर स्त्रियांत स्तनाचा, आणि स्त्रीपुरुष दोघांतहि फुप्फुसाचा कर्करोग अपेक्षेबाहेर आढळूं लागला. नेदरलंड्समध्यें १९६५ ते २००० या काळांत उपचार झालेल्या ३,९०५ रुग्णांची पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. दुसऱ्या कर्करोगाचें प्रमाण त्यांच्यांत सर्वसाधारण लोकांच्या सुमारें साडेचार पट भरलें.

असें कां व्हावें? किरण आणि कांहीं औषधें पेशीच्या गाभ्यांतील आनुवंशिक द्रव्य तोडतात. रोगट पेशी त्यानें मरतात. पण शेजारच्या निरोगी पेशींनाहि इजा पोंचते. बहुतेक पेशी ती दुरुस्त करतात. एखादीची दुरुस्ती मात्र चुकते, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. वाढत्या वयाच्या मुलीच्या स्तनांतील पेशी वेगानें विभागत असल्यामुळें तिला हा धोका विशेष असतो.

वैद्यकानें हा धडा घेतला आहे. मिलान येथील ज्यानी बोनाडोना यांनीं १९७० नंतरच्या दशकांत औषधांची जी नवी जुळणी केली, तिच्यामुळें रक्ताच्या कर्करोगाचें भय पुष्कळ कमी झालें. किरणांची मात्रा घटली, त्यांचें क्षेत्रहि आकुंचित झालें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत बऱ्या झालेल्या बालरुग्णांवर पुढेंहि नजर ठेवण्यासाठीं १९९१ पासून स्वतंत्र विभाग चालतो.

घरच्या मंडळींचें कामहि कठीण नाहीं. कोणतें औषध किती दिलें, किरण कोठें व किती सोडले, याचा लेखी गोषवारा रुग्णालयाकडून घेऊन जपून ठेवावा व प्रत्येक नव्या डॉक्टरास दाखवावा. तिशीच्या आंत छातीवर किरण घेतलेल्या स्त्रीनें उपचारानंतर आठ वर्षांनीं किंवा वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, यांपैकीं जें उशिरा येईल तेव्हांपासून, दरवर्षीं स्तनांची तपासणी व एमआरआय करून घेण्याचा प्रघात आहे. तंबाखू तर वर्ज्यच समजावी. छातीवर किरण घेतलेल्या माणसानें धूम्रपान केल्यास फुप्फुसाचा धोका कित्येक पटींनीं वाढतो.

हें ऐकून कोणी पहिला उपचारच नाकारील, तर तो मोठा अनर्थ ठरेल. उपचार न झालेला पहिला रोग बहुधा वर्षें मोजूं देत नाहीं. दुसरा अनेकांना होतहि नाहीं, आणि वेळीं सांपडला तर पुष्कळदां आटोक्यांत येतो. वीस वर्षांनंतरची काळजी करण्याइतकें आयुष्य रोग्याला लाभतें, तेंच मुळीं पहिल्या उपचारामुळें.