विजेच्या तारेतून घरभर इंटरनेट : जुन्या घरांसाठी एक सोय आणि तिच्या अटी

अहिल्यानगर शहरातून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर केडगाव लागते. रेणुकामातेच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत परिचित असलेले हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर झाले आहे. नव्या वसाहतींत काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी नगर परिसरातील जुन्या गावठाणांत दगडमातीची, माळवदाची व पत्र्याची घरे अद्याप नांदती आहेत. त्यांच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात आणि हिवाळ्यात ऊब राखतात. मात्र याच भिंती आता एका नव्या गरजेच्या आड येऊ लागल्या आहेत. घराच्या प्रत्येक खोलीत इंटरनेट पोहोचणे, ही ती गरज होय.

शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, परीक्षेचे प्रवेशपत्र, वीजबिलाचा भरणा ही सर्व कामे आज घरबसल्या होऊ शकतात. परंतु राउटर ओसरीवर आणि विद्यार्थ्याची अभ्यासाची जागा परसदारच्या खोलीत असेल, तर मधल्या दोन भिंती ओलांडताना वाय-फाय क्षीण होते. अर्ज अर्ध्यावर अडकतो, शिकवणीचे चित्र थबकते. अशा घरांसाठी उपलब्ध असलेले एक साधन म्हणजे पॉवरलाइन ॲडाप्टर. घरात आधीच असलेल्या विजेच्या तारांतून ते इंटरनेटचे संदेश वाहून नेते.

लहरी का अडतात?

वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ या वारंवारतेच्या असतात. पातळ विटांची भिंत त्या ओलांडतात. परंतु जाड दगडी भिंतीत आणि मातीतील ओलाव्यात त्यांची बरीच शक्ती शोषली जाते. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान असल्या तरी भिंतीपुढे त्या लवकर हार मानतात. लोखंडी पत्रा तर लहरींना परतवूनच लावतो. म्हणून अधिक महागडा राउटर घेतला तरी जुन्या घरात फरक पडेलच, असे नाही. विजेची तार मात्र भिंतीतून आरपार गेलेली असते.

कल्पना जुनीच

विजेच्या तारेतून संदेश पाठविण्याची कल्पना नवी नाही. उच्च दाबाच्या पारेषण वाहिन्यांवरून एका उपकेंद्रातून दुसऱ्या उपकेंद्राशी बोलण्यासाठी व संरक्षक यंत्रणेला इशारे देण्यासाठी वीज मंडळांनी हे तंत्र अनेक दशके वापरले. उपकेंद्रात वाहिनीच्या टोकाशी जाड तारेच्या वेटोळ्यांचे पिंप टांगलेले दिसते, ते याच यंत्रणेचा भाग होय. वीज त्यातून पुढे जाते; संदेशलहरी मात्र तेथे अडवून संपर्कयंत्राकडे वळविल्या जातात. आता बऱ्याच ठिकाणी हे काम प्रकाशतंतू करीत आहेत.

घरगुती उपकरणाचे तत्त्व तेच आहे. आपल्या घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असते. ॲडाप्टर तिच्यावर सुमारे २० लाख आवर्तनांपासून पुढच्या वारंवारतेच्या अतिशय सौम्य लहरी स्वार करतो. दोहोंच्या वारंवारतेत किमान ४० हजार पटींचे अंतर असल्याने त्या एकमेकींत मिसळत नाहीत. एकाच रस्त्यावरून बैलगाडी आणि मोटार आपापल्या चालीने जावी, तसा हा प्रकार आहे. या तंत्राचे पहिले प्रमुख घरगुती मानक २००१ मध्ये आले. तेव्हा कमाल वेग १४ मेगाबिट होता. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक निश्चित झाले आणि आजच्या संचांवर ६०० किंवा १००० असे आकडे छापलेले आढळतात.

मांडणी कशी करावी?

संचात दोन ॲडाप्टर असतात. पहिला राउटरजवळच्या भिंतीतील सॉकेटमध्ये बसवून लॅन केबलने राउटरला जोडावा. दुसरा लांबच्या खोलीतील सॉकेटमध्ये बसवून त्यातून निघणारी केबल संगणकाला द्यावी. काही संचांतील दुसरा ॲडाप्टर त्या खोलीपुरते वाय-फायही पसरवितो. दोन्हींवरील जोडणीचे बटण संचाच्या माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे पाठोपाठ दाबले, की ते परस्परांना ओळखतात आणि त्यांच्यातील संदेश सांकेतिक स्वरूपात जाऊ लागतात. ही कृती टाळू नये. एकाच वीजवाहिनीवरील शेजारच्या घरात लहरी मीटर ओलांडून जाऊ शकतात.

ॲडाप्टर स्पाइक गार्ड असलेल्या एक्स्टेंशन बोर्डात बसवू नये. विजेतील गडबड गाळणारा तो भाग संदेशही गाळून टाकतो. खोक्यावरचा आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. त्याच्या एका अंशावरच समाधान मानावे लागते. काही स्वस्त संचांत केबलचे तोंडच १०० मेगाबिटचे असते. तथापि अर्ज भरणे, शिकवणी पाहणे किंवा डॉक्टरांशी दृश्य संवाद साधणे यासाठी स्थिर असे २०-३० मेगाबिट पुरेसे होतात.

जुन्या वायरिंगच्या अडचणी

या साधनाचे यश घरातील तारांवर अवलंबून आहे. जुन्या घरांत लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसविलेल्या तारा असतात, कित्येक ठिकाणी ॲल्युमिनिअमच्या. नंतर वाढविलेल्या खोल्यांना तांब्याची तार पिळून जोडलेली असते. अशा सैल जोडाशी लहरी दुबळ्या होतात. मोबाइलचे चार्जर, मिक्सर आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे तारेत विद्युत गोंगाट निर्माण करतात.

दुसरी अडचण फेजची. मोटारीसाठी थ्री-फेज जोडणी घेतलेल्या घरात ओसरी एका फेजवर आणि मागची खोली दुसऱ्यावर असेल, तर संदेश नीट पोहोचत नाही. भावाभावांत वाटणी होऊन मीटर वेगळे झाले असल्यास हीच शक्यता असते. तिसरी अडचण इन्व्हर्टरची. राउटर इन्व्हर्टरच्या वाहिनीवर आणि दुसरा ॲडाप्टर साध्या वाहिनीवर असल्यास वीज असतानाही संबंध क्षीण होऊ शकतो आणि वीज गेल्यावर तो तुटतोच. शक्य तेथे दोन्ही एकाच वाहिनीवर ठेवावेत.

अर्थिंगचाही वेगाशी संबंध आहे. नव्या पद्धतीचे काही ॲडाप्टर फेज व न्यूट्रलबरोबर अर्थची तारही संदेशासाठी वापरतात. दोनच तारांच्या जुन्या घरात हा लाभ मिळत नाही.

आधी सुरक्षितता

येथे एका गैरसमजापासून सावध राहणे अगत्याचे आहे. इंटरनेट चालले म्हणजे वायरिंग उत्तम आहे, असे मानू नये. संदेशलहरी इतक्या सूक्ष्म असतात, की कुजलेला जोडही त्या कशाबशा ओलांडतात. त्याच जोडावर गिझर किंवा इस्त्रीचा भार आला तर तो तापून आग लागू शकते. ज्या घरात अर्थची तार नाही, तेथे खरी उणीव इंटरनेटची नसून जीविताच्या संरक्षणाची आहे.

म्हणून संच घेण्यापूर्वी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून तपासणी करून घ्यावी. मेगर या यंत्राने तारांचा इन्शुलेशन रोध मोजता येतो. तो किमान १ मेगओहम असावा. अर्थिंग नसल्यास ते करून घ्यावे व ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवावा. मुख्य फलकावरील जुन्या कटआउटमध्ये फ्यूज म्हणून जाड तार घातलेली असेल, तर ती तत्काळ काढावी. या कामात स्वतः हात घालण्याचे धाडस कोणी करू नये.

निवड कोणी करावी?

वायरिंग सुस्थितीत आहे, भिंती फोडायच्या नाहीत आणि दोन खोल्या एकाच फेजवर आहेत, अशा घरासाठी पॉवरलाइन ॲडाप्टर सोयीचा ठरतो. विक्रेत्याने परत घेण्याची मुदत दिली असल्यास त्या काळात सायंकाळी, सर्व दिवे व उपकरणे चालू असताना, त्याची चाचणी घ्यावी. वळचणीखालून बाहेरच्या भिंतीने लॅन केबल नेणे शक्य असेल, तर ती अधिक भरवशाची. १०० मीटरपर्यंत ती उत्तम काम देते. आणि वायरिंग नव्याने करावयाचेच असेल, तर विजेच्या नळीपासून अंतर राखून इंटरनेटच्या केबलसाठी वेगळी नळी त्याच वेळी टाकून घ्यावी. त्या एका नळीचा खर्च थोडा असतो, पण भिंत पुन्हा फोडावी लागत नाही.

जुने घर पाडल्याशिवाय नव्या सोयी घरात येत नाहीत, हा समज खरा नाही. मात्र ज्या तारेवरून मुलांचे शिक्षण घरात यावयाचे आहे, ती तार आधी घराला निर्धोक असली पाहिजे. तिच्या तपासणीवर केलेला खर्च दिव्याला आणि इंटरनेटला, दोहोंना उपयोगी पडतो.