कार्डापासून कर्नलपर्यंत

राउटर, सेट-टॉप बॉक्स किंवा कारखान्यातील यंत्रनियंत्रक यांच्या पोटातील एम्बेडेड संगणकाला वीज मिळते तेव्हा त्याची ऑपरेटिंग सिस्टीम अजून एसडी कार्डावर किंवा तत्सम साठवणीवरच असते, आणि तिचा गाभा, म्हणजे कर्नल, तेथून उचलून मुख्य मेमरीत ठेवण्याचे काम बूटलोडर हा छोटा प्रोग्रॅम करतो. वोल्फगांग डेंक यांनी उभारलेला आणि २००२ पासून यू-बूट या नावाने चालणारा मुक्त-स्रोत प्रकल्प हा या क्षेत्रातील सर्वपरिचित बूटलोडर होय. प्रोसेसर कार्डाशी थेट व्यवहार करत नाही. तो कंट्रोलर नावाच्या सर्किटच्या रजिस्टरांमध्ये, म्हणजे ठरावीक पत्त्यांवरच्या कप्प्यांमध्ये, आकडे लिहितो आणि कार्डाकडे जाणारे विद्युत-संकेत कंट्रोलर घडवतो. कोणते आकडे कोणत्या क्रमाने लिहायचे हे ज्या कोडला ठाऊक असते, तो ड्रायव्हर.

त्याच कंट्रोलरचा ड्रायव्हर लिनक्समध्ये बहुधा आधीच असतो, म्हणून तोच उतरवून घेण्याचा मोह होतो. परंतु त्यातील बराच भाग येथे निरुपयोगी ठरतो. लिनक्सचा ड्रायव्हर इंटरप्टवर, म्हणजे काम संपल्याची वर्दी उपकरणाने होऊन देण्यावर, विसंबतो, कारण मधल्या वेळात प्रोसेसरला इतर कामे असतात. बूटलोडरला दुसरे कामच नसल्याने त्याचा ड्रायव्हर स्थितिदर्शक रजिस्टर पुनःपुन्हा वाचत थांबतो, आणि या थांबण्याला कालमर्यादा घातली नाही तर एखाद्या बिघडलेल्या कार्डापायी सारे यंत्र कायमचे खोळंबते. उलट कंट्रोलरचे क्लॉक, पिनांची जोडणी आणि वीजपुरवठा चालू झालेला असेल असे येथे गृहीत धरता येत नाही. अनेक एआरएम चिपांवर क्लॉक बंद असलेल्या कंट्रोलरचे रजिस्टर नुसते वाचले तरी प्रोसेसर तिथेच अडतो.

कार्डाशी बोलण्याचा क्रम एसडीच्या मानकात ठरलेला आहे. आरंभी क्लॉकचा वेग सेकंदाला ४ लाख स्पंदांहून अधिक नसावा, वीज स्थिरावल्यावर किमान ७४ स्पंद जाऊ द्यावेत, मग कार्ड मूळ स्थितीत आणणारी आज्ञा द्यावी आणि पुढे ते तयार होईपर्यंत, फार तर एक सेकंद, विचारत राहावे. यू-बूटमध्ये हा क्रम सामाईक थरात लिहिलेला असल्याने नव्या कंट्रोलरसाठी मुख्यतः दोन फंक्शने लिहावी लागतात: एक आज्ञा पाठवून उत्तर आणि डेटा आणणारे, दुसरे क्लॉकचा वेग आणि डेटावाहिन्यांची संख्या बदलणारे.

खरी गोची डीएमएमध्ये, म्हणजे कंट्रोलरने प्रोसेसरला वगळून डेटा परस्पर मेमरीत लिहिण्यात, आहे. प्रोसेसरजवळ मेमरीतील अलीकडच्या मजकुराची प्रत कॅशेमध्ये असते. मेमरी बदलली तरी ती प्रत जुनीच राहते, आणि ड्रायव्हरने ती रद्द केली नाही तर कार्ड बिनचूक वाचूनही हाती शिळा डेटा येतो. शिवाय कॅशे ओळीओळीने रद्द होते, आणि कॉर्टेक्स-ए८ या प्रोसेसरवर अशी ओळ ६४ बाइटची असते. डेटासाठी राखलेली जागा ओळीच्या मध्येच सुरू झाली, तर त्या ओळीतील शेजारच्या चलाची नवी किंमतही पुसली जाऊ शकते. कॅशे बंद ठेवून केलेल्या चाचणीत हा दोष दिसतच नाही, म्हणून तो अधिक घातक. पहिल्या आवृत्तीत डीएमए टाळून प्रोसेसरनेच रजिस्टरातून डेटा ओढून घ्यावा, हे शहाणपणाचे. २५ मेगाहर्ट्झ क्लॉक आणि चार वाहिन्या यांवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट येऊ शकतात, तेव्हा प्रोसेसर मागे पडला नाही तर ८ मेगाबाइटचा कर्नल पाऊण सेकंदाच्या आत पोचतो.

अधिक वेगाचा हव्यास आणखी एका ठिकाणी नडतो. अतिवेगवान कार्डे आज्ञा मिळाल्यावर संकेतांचा दाब ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्टवर आणतात, आणि वीज तोडल्याशिवाय माघारी येत नाहीत. लिनक्सने कार्ड १.८ व्होल्टवर नेल्यानंतर यंत्र केवळ रीसेट झाले, तर नव्याने जागा झालेला बूटलोडर ३.३ व्होल्टवर बोलू लागतो आणि कार्ड प्रतिसाद देत नाही. बोर्डावर कार्डाच्या विजेला वेगळा नियंत्रक असल्यास ड्रायव्हर ती क्षणभर तोडू शकतो; नसल्यास हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्री या फाइलमध्ये १.८ व्होल्टला मनाई लिहून लिनक्सलाही कमी वेगावर ठेवावे लागते.