कागदावर तुम्ही कोण?

ताईंनो, डेन्मार्क हा युरोपातला छोटा देश. तिथे किमान वेतनाचा कायदाच नाही. मग मजुरी ठरते कशी? कामगार संघटना आणि मालक एकत्र बसतात, बोलणी करतात आणि लेखी करार करतात. यालाच ‘सामाजिक संवाद’ म्हणतात.

पण मोबाइलवरून कामं मिळू लागली आणि अडचण आली. तिथे ‘हिल्फर’ नावाचं अ‍ॅप आहे. लोक त्यावरून घराच्या साफसफाईसाठी माणसं बोलावतात. ही माणसं कागदोपत्री कामगार नव्हती, ‘स्वतंत्र व्यावसायिक’ होती. मग करारातले हक्क त्यांना कुठून मिळणार?

२०१८ मध्ये ‘थ्री एफ’ ही कामगार संघटना आणि हिल्फर यांनी करार केला. १०० तास काम भरलं की ती व्यक्ती कंपनीची कामगार होणार. नको असेल तर तिने तसं सांगायचं. कामगार झाल्यावर तासाला किमान सुमारे १४१ क्रोनर, शिवाय रजेचे आणि आजारपणाचे पैसे, पेन्शनचा हप्ता.

जे स्वतंत्रच राहिले, त्यांच्यासाठीही अ‍ॅपवर किमान दर होता. त्यावर २०२० मध्ये तिथल्या स्पर्धा परिषदेने हरकत घेतली. कारण काय, तर व्यावसायिकांचा दर असा एकत्र बांधला की स्पर्धा मारली जाते! तो दर काढावा लागला.

बघा, काम तेच, हात तेच. पण कागदावर तुम्ही कोण, यावर हक्क ठरतो. म्हणून कुठलंही काम धरताना आधी विचारा: माझं नाव कामगार म्हणून लागणार का? दर कोण ठरवणार? आणि हे लिहून देणार का?