वायरचा इअरफोन, नवा मोबाइल : अडॅप्टर घेताना पारख कशी करावी?

2016 साली आयफोन 7 मधून इअरफोनचे गोल छिद्र गेले आणि मागोमाग इतर अनेक मोबाइलमधूनही ते नाहीसे झाले. चाटी गल्लीतील पेढी असो वा अक्कलकोट रोडचा कारखाना, ज्यांच्याकडे कानात घट्ट बसणारा उत्तम वायरचा इअरफोन आहे त्यांच्यापुढे सवाल उभा राहतो : तो टाकून द्यावा काय? आमचे उत्तर, मुळीच नाही. खिशाला अडकवायचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर घ्यावा. वायर त्यात खोचली की तो मोबाइलशी बिनतारी जोडला जातो. मात्र सौदा पारखून करावा.

तीन नावे जाणकारांच्या तोंडी असतात. फिओ बीटीआर 3के हलका आणि तिघांत स्वस्त. फिओ बीटीआर 5 ला छोटा पडदा आहे, बॅटरी 550 एमएएचची, पण वजन अधिक. क्युडेलिक्स 5के ला पडदा नाही, बॅटरी 500 एमएएचची. मोबाइलवरील अ‍ॅपमधून आवाजाचा बारीकसारीक तोल साधण्यात त्याचा हात धरणे अवघड. ही मॉडेले 2019-20 मधली; दुकानात पुढची आवृत्ती दाखवली तरी कसोटी हीच लावावी.

आता जाहिरातीचा मुद्दा. एलडीएसी पद्धतीने सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत आवाज वाहून नेता येतो, हे खरे. पण ती पद्धत मोबाइल आणि अडॅप्टर दोहोंत हवी. ताणा उत्तम आणि बाणा हलका असेल तर चादर कशी उतरणार? आयफोनमध्ये एलडीएसी नाही. तेथे एएसीवरच काम चालते. म्हणून आयफोनवाल्याने एलडीएसीच्या नावाखाली जादा पैसे मोजू नयेत.

व्यापाऱ्यासाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे फोनवरील बोलणे. कॉल सुरू झाला की ब्लूटूथ गाण्याची पद्धत सोडून बोलण्याच्या वेगळ्या, मर्यादित पद्धतीवर जाते. तेथे एलडीएसीचा काडीचा उपयोग नाही. मायक्रोफोन कसा आहे तेच महत्त्वाचे. हैदराबादच्या गिऱ्हाइकाने सांगितलेले ‘साठ डझन’ ‘सात डझन’ ऐकू आले तर तोटा कोणाचा? म्हणून दुकानातच एक कॉल लावून पाहावा. शिवाय गाणे बंद ठेवून कान द्यावा. नाजूक इअरफोनवर स्वस्त अडॅप्टरची ‘सूं’ लगेच कळते.

ज्यांना बिनतारी सोय नकोच, त्यांनी टाइप-सीचा साधा वायरचा अडॅप्टर घ्यावा. त्याला चार्जिंग नाही, काही वर्षांनी थकणारी बॅटरीही नाही.

शेवटी कारागीर बांधवांसाठी. मागाच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आवाज आठवड्यात 40 तासच ऐकावा; आवाज जसा वाढेल तसे तास झपाट्याने घटतात. मागावर गाणी नकोत, कानाचे संरक्षक बोळे हवेत. कारखान्याबाहेर मात्र घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, म्हणून कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येते. अडॅप्टर बिघडला तर दुसरा आणता येतो. गेलेला कान कोणत्याही बाजारात मिळत नाही.