सकाळी मतलई, दुपारी खारा वारा : होडीची फेरी घड्याळ बघून ठरवा

मालवण : दिवाळी झाली की घाटावरचे पर्यटक मालवणात दाखल होतात. "समुद्र शांत आहे, आज दिवसभर शिडाच्या होडीतून फिरू" असं सकाळी किनाऱ्यावर उभं राहून ठरतं. पण सकाळी आठचा समुद्र आणि दुपारी तीनचा समुद्र एकसारखा नसतो.

कारण साधं आहे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाण्याला दोन्हीला वेळ लागतो. रात्री जमीन थंड झाली की वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. सकाळी ऊन चढलं की तो पडतो. मग काही वेळ वाराच नसतो. शीड लोंबतं, होडी जागच्या जागी डुलते. दुपारच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुटतो. आपल्याकडे तो बहुतेक वायव्येचा असतो. तीन-चारला जोर धरतो, दिवस बुडताना मंदावतो.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, नागमोडी जावं लागतं. देवबाग मालवणच्या दक्षिणेला आहे. सकाळी मतलईवर तिथे आरामात पोहोचता येतं, पण दुपारी परत येताना वारा समोरून. अंतर तेच, वेळ मात्र जवळजवळ दुप्पट. त्यापेक्षा सकाळी उत्तरेला तळाशीलकडे जावं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर मालवणला परतावं. वारा पाठीशी राहतो.

देवबागला आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना समोरून खारा वारा आला, की संगमावर लाटा उभ्या राहतात. छोट्या होडीला ते धोक्याचं. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

वारा अचानक वाढला तर शिडाची दोरी सैल सोडायची. शिडातला वारा निघून जातो, होडी सावरते. म्हणून ही दोरी पक्की बांधून ठेवू नये, हातात असावी. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नये. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं.

सकाळी मतलई आलीच नाही, वारा दक्षिणेकडून आहे आणि समुद्रावर काळे ढग दिसतात, तर त्या दिवशी घड्याळाचा हिशोब चालत नाही. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा लाटांचा अंदाज मोबाइलवर मिळतो. निघण्यापूर्वी दोन्ही बघावेत. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे.

होडीवाला "आज नको" म्हणाला तर पैशाची घासाघीस करू नये. फेरी उद्याही होते.